नावं वाचायची वेळ

गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जज टिडवेल यांच्या प्रचाराचं जेवण होतं. तळलेली मासळी, मक्याचे वडे, कोबीची कोशिंबीर. कढईपाशी अ‍ॅप्रन बांधून हॅस्केल डॉब्स उभा होता. कोंबडीचं मांस भरणाऱ्या कारखान्याचे खटले वकील म्हणून तोच लढवायचा. अलाबामात जजला निवडून यावं लागतं, आणि निवडून यायचं तर मासळी कुणीतरी तळावीच लागते.

जेवणं उरकली तसा औषधवाला वेंडेल खुर्चीवर चढला. प्रचाराचा खजिनदार तोच. देणगी देणाऱ्यांची नावं त्याला तोंडपाठ होती.

"जजसाहेब, व्हा बाहेर!" कुणीतरी ओरडलं.

"निघालो, बाबांनो. मला यातलं काही ऐकायचं नाही." टिडवेल यांनी कानातलं यंत्र काढलं, सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. हॉल हसला.

पैसे कुणी दिले हे जजला कळू नये, म्हणून नावं वाचताना ते बाहेर जात. पहिल्या निवडणुकीपासूनची ही रीत. तेव्हापासूनच त्यांची मुलगी कॉरिन त्यांच्याबरोबर बाहेर येई. तेव्हा ती शाळेत होती. आता तिच्याही केसांत पांढरं दिसू लागलं होतं.

दोघं मागच्या पायरीवर बसली. पाठीशी जाळीचं दार होतं.

"नदी फार उतरलीय यंदा," डॅडी मोठ्यानं म्हणाले. यंत्र नसलं की ते मोठ्यानंच बोलत.

आत टुली वकिलाचं नाव आलं. चार टाळ्या पडल्या. डॅडी माशांबद्दल बोलत राहिले. धरण नव्हतं तेव्हा एकेक मासा कसा वासराएवढा मिळायचा, हाताला कसा हिसडा बसायचा. मग आत डॉब्सचं नाव आलं आणि त्याच्या पाठोपाठ कारखान्याच्या मालकाचं. डॅडी वाक्य अर्धं टाकून थांबले. टाळ्या विरेपर्यंत मान जाळीच्या दाराकडे वळवून बसले.

"काय सांगत होतो मी?"

"मासे," कॉरिन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे ओडेसा प्रुइटचं प्रकरण यायचं होतं. तिचा नवरा कारखान्यातल्या वायुगळतीत गेला होता. खटला ज्यूरीपुढे जावा, एवढंच बाई मागत होती.

"प्रुइटबाईंचा खटला मी काढून टाकणार," डॅडी नदीकडे बघत म्हणाले. "मागं एकदा कारखान्याच्या विरुद्ध गेलो, तर टीव्हीवरच्या प्रचारात त्यांनी माझा फोटो एका खुन्याच्या फोटोला चिकटवला होता. आठवतं? तुझी आई कितीतरी दिवस वाण्याच्या दुकानात गेली नाही."

"आठवतं."

"हा एक त्यांना देऊन टाकायचा. खुर्ची राहिली तर पुढं दहा जणांना न्याय देता येईल. खुर्चीच गेली तर कुणाला देणार?"

कॉरिन त्यांच्याकडे वळली. ते म्हातारे दिसत होते आणि तिच्या उत्तराची वाट पाहत होते.

"चहा आणू, बर्फ घालून?" ती म्हणाली.

"आण. आणि वेंडेलच्या बायकोला म्हणावं, साखर बेतानं घाल. मागच्या खेपेला काकवीच पाजली होती तिनं."

शुक्रवारी सकाळी त्यांनी खटला काढून टाकला. दुपारी कोर्टातल्या आपल्या खोलीत बुटाची नाडी सोडायला वाकले, ते उठलेच नाहीत.

रविवारी लोक शेवटचं बघायला आले. कॉरिन शवपेटीशी उभी होती. रांग दारापर्यंत गेली होती. खांदा देणाऱ्यांत डॉब्स होता. सगळ्यात मोठं पुष्पचक्रही त्याचंच होतं.

ओडेसा प्रुइट चर्चला जातानाची काळी टोपी घालून आली. तिनं कॉरिनचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"वाईट झालं, पोरी. माझ्याविरुद्ध निकाल दिला त्यांनी, पण माझ्या मनात राग नाही. निकाल सांगताना आवाज कापत होता त्यांचा. माझा मुलगा म्हणतो, अपील करू. मी म्हटलं, गप बस. जज टिडवेल नाही म्हणाले, म्हणजे ते कायद्यातच नसेल. बाकीचे सगळे जज पुढच्या रांगेत बसून ऐकतात. नावं वाचताना उठून बाहेर जाणारा हा एकच माणूस होता."

मागून डॉब्स पुढं आला. "कॉरिन, सकाळपासून उभी आहेस. बस बघू जरा. मी पाणी आणतो."

कॉरिन बसली नाही. ती डॅडींकडे बघत होती. दफनासाठी त्यांना तयार करणाऱ्या माणसानं भांग चुकीच्या बाजूला पाडला होता. तिनं बोटांनी त्यांचे केस सारखे केले. केस थंडगार होते. तिनं हात लगेच काढून घेतला नाही.

"प्रुइटबाई," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. रांगेतली कुजबुज थांबली. "तुमचा निकाल आदल्या संध्याकाळीच ठरला होता. तुमचं ऐकायच्या आधी. मला सांगितलं होतं त्यांनी."

"कॉरिन," डॉब्स म्हणाला.

"मुलाला अपील करू द्या," ती म्हणाली. "आणि साक्षीला मला बोलवा."