पट्टी बदलताना

"आप्पा, मी बँडातच हाय. कायबी काळजी करू नका."

युसूफच्या एसटीडी बूथमध्ये महांतेशआप्पांनी रिसीव्हर कानाला गच्च धरला. त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली होती आणि इकडे सिरसाळ्यात सत्यभामाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. राजेश्वर फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवतो, लढायला जात नाही, हे कितीदा सांगा, आईचं काळीज ते! पटतंय थोडंच?

"काम काय देतेत रे?" आप्पांनी विचारलं.

"पट्ट्या बदलायचं. सकाळधरनं तेच."

आप्पा खूश झाले. भजनी मंडळात जन्मभर पेटी वाजवलेला माणूस. काळी एकच्या पट्टीतून काळी दोनच्या पट्टीत चढलं की तीच चाल कशी उजळते, हे त्यांनीच पोराला मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

"हलक्या हातानं बदलत जा. समोरच्याला कळता कामा न्हाई."

"तसंच करतो, आप्पा."

तेवढ्यात तिकडे धडाम आवाज झाला.

"हे काय?"

"तोफा."

"सलामीच्या?"

"हूं. आमी चौघं संगं चालतो. पाय मिळवून. हिसका बसलेला चालत न्हाई."

"संचलन म्हंजे तसंच ऱ्हातंय," आप्पा जाणकारासारखे म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला फैलावर घेतलं. "तुझा लेक साहेबलोकांपुढं पट्ट्या बदलायलाय, आन तू हितं उपाशी!" त्या दिवशी बाईंनी अर्धी भाकरी खाल्ली. आप्पांनाही पहिल्यांदाच बरं वाटलं.

लढाई थांबली. श्रावणात पाटोद्याचा सटवा नावाचा एक जवान कुबडी टेकत दारात आला.

"राजेश्वर खुशाल हाय. पोळ्याला घरी यायलाय."

सत्यभामाबाई रडत रडतच चुलीकडे धावल्या. आप्पांनी आनंदाच्या भरात पेटी पुढे ओढली.

"तू बी बँडातला का?"

"न्हाई, मी लढणाऱ्यातला. पण पट्टी बदलावी तर तुमच्या पोरानं! लई हलका हात. कळायचं बी न्हाई."

"शिकवण कोणाची!" आप्पांनी भाता सोडला, बोटं सुरांवर ठेवली. "कोणती पट्टी, सांग. तीच धरतो."

सटवाने पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. पोटरीभर पांढरी पट्टी गुंडाळलेली होती.

"ही, आप्पा. मला डोंगरावरनं उचलून आणणाऱ्या चौघांत राजेश्वर पुढं व्हता."