कानावर पडलेलं वाक्य

“इथल्या सिस्टर तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात का? पुष्कळ, थोडं, की अजिबात नाही?” दर्शनानं विचारलं.

“पुष्कळ,” शालनकाकू म्हणाल्या. त्यांच्या हातातून निघालेल्या नळ्या डायलिसिसच्या मशीनमध्ये गेल्या होत्या. पायांशी रसिका सिस्टर बीपी लिहीत उभी होती. तिच्यासमोर दुसरं काय सांगणार?

दर्शना रत्नागिरीतल्याच नर्सिंग कॉलेजमधून प्रश्नावली घेऊन आली होती. इतक्या माणसांच्या हाताखालून जाणाऱ्या पेशंटला आतून किती एकटं वाटतं, ते तिला मोजायचं होतं. काकूंची उत्तरं भराभर येत होती. सिस्टर चांगल्या. डॉक्टर चांगले. पंखासुद्धा चांगला.

“एखादी भीती वाटली, तर इथं कुणाला सांगता येते?”

काकू म्हणजे मिरजोळ्याच्या कारखान्यात उभ्यानं कोळंबी सोलून जन्म काढलेली बाई. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

“कुणाला सांगू? सगळ्यांना म्हायती आहेच. मलाच कोण सांगत नाय.”

“काय ते?”

“माझे दिवस भरले ते.”

रसिकाचं पेन थांबलं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तूच गो. फोनवर बोलत होतीस. मी डोळे मिटून पडलेली. म्हणालीस, ‘शालनकाकू शेवटच्याच. त्यांचं आटोपलं की मी सुटले.’”

महिनाभर हे वाक्य काकू एकट्याच घेऊन बसल्या होत्या. ठेवणीतल्या साड्या सुनेला देऊन टाकल्या होत्या. मुंबईच्या सागरला, मुलाला, रजा काढून ये म्हणून सांगितलं होतं. कशासाठी, ते मात्र सांगितलं नव्हतं.

रसिकाला आधी काही कळेचना. मग तिनं कपाळावर हात मारला.

“अहो काकू, नवऱ्याचा फोन होता तो! मला न्यायला येणार होता. त्या दिवशी पाळीतलं शेवटचं मशीन तुमचं होतं. ते आटोपलं की माझी ड्युटी सुटणार होती! तुमचे रिपोर्ट तर आधीपेक्षा बरे आहेत.”

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. इतक्या गदगदून, की हात हलला आणि मशीन ओरडायला लागलं. रसिकानं नळ्या सरळ केल्या.

“पुढचा प्रश्न…” दर्शना म्हणाली.

“थांब गं जरा.” रसिकानं कोपऱ्यातलं स्टूल उशाशी ओढलं. “काकू, माझ्या तोंडून आणखी काय काय ऐकलंत?”

“बरंच,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “बस सावकाश.”