हवेची पाटी

“आधी पाटी बघ, मग मला आत ने,” वडील बागेच्या फाटकातच अडून राहिले.

“हिरवी आहे हो बाबा. रोजच हिरवी असते,” ठमी म्हणाली.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी जिथे तिथे नाक खुपसायची म्हणून वडिलांनी ठेवलेलं, ते चाळिशीतही चिकटून बसलं होतं. वडील शिंपी. उभा जन्म शिवणयंत्रावर पाय मारण्यात गेला, आणि पाय थकायच्या आधी हृदय थकलं. रक्तवाहिनी तुंबली, डॉक्टरांनी ती मोकळी केली आणि घरी सोडताना ठमीला बजावलं, “रोज चालवा, दीर्घ श्वास घ्यायला लावा. पण स्वच्छ हवेत हं! वीजकेंद्राच्या धुरातली बारीक धूळ फुप्फुसातून थेट रक्तात उतरते. यांच्या हृदयाला ती आता सोसायची नाही.”

आता स्वच्छ हवा आणायची कुठून? वीजकेंद्राची धुराडी घराच्या खिडकीतून दिसायची. धुतलेले पडदे दोन दिवसांत काळे व्हायचे. धाकटा भाऊ फोनवर हात धुऊन मागे लागला होता, “ताई, बाबांना इकडे पाठव.” वडिलांना गाव सोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ठमीला वडिलांना सोडायचं नव्हतं.

अशात तिला ही बाग सापडली. वीजकेंद्रानेच रस्त्याच्या टोकाला केलेली. फाटकावर मोठी पाटी, पाटीवर हवेचा आकडा आणि रंगीत दिवा. हिरवा म्हणजे हवा उत्तम. अख्खं गाव खोकतंय आणि इथला दिवा आपला हिरवागार! ठमीने भावाला ठणकावून सांगितलं, “बाबा इथेच राहतील. काही कमीजास्त झालं तर मी जबाबदार.” डॉक्टरही खूश झाले. त्यांनी आपले आणखी पेशंट त्या बागेत फिरायला धाडले.

बागेत एक माळी होता. तोंडाला फडकं, पायात गमबूट, हातात जाडजूड पाइप. पाण्याचा बारीक फवारा तो फाटकाजवळच्या कुंपणावर आणि कुंपणात बसवलेल्या, पाटीला तारेने जोडलेल्या पत्र्याच्या पेटीवर मारत राहायचा. सकाळ नाही, दुपार नाही, सतत आपलं तेच. त्या पांढऱ्या धुक्यात फिरणारी माणसं अर्धीच दिसायची. पाखरू म्हणाल तर औषधालाही नाही. ठमीच्या अंगावर उगाचच काटा यायचा. मग ती पाटीकडे बघायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा पाऊस भुरभुरत होता, तरी हा गडी फवारतोच आहे.

“अहो माळीबुवा, वरून पडतंय तेवढं पुरत नाही का?” वडिलांनी टोला हाणला. “झाडं लाडावतील अशाने!”

माळी हसला नाही. “साहेबांची सक्ती आहे,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच पुटपुटला, “आजोबा, तुम्ही येत नका जाऊ. घरात खिडक्या लावून बसा.”

“का रे? बाग तुझ्या बापाची आहे का?” वडील भडकले.

“मोठा आला शहाणा,” ठमीही घरी जाईपर्यंत धुसफुसत होती.

पुढे पुढे बागेतली माणसं कमी व्हायला लागली. टोपीवाले आजोबा यायचे बंद झाले. वडील ज्यांना राघूमैना म्हणायचे ते म्हातारं जोडपं होतं. त्यातली मैना काही दिवस एकटीच येऊन बाकावर बसली, मग तीही दिसेना.

“कुठे गेली हो ती मंडळी?” ठमीने माळ्याला विचारलं.

माळ्याने मान खाली घातली आणि फवारा मोठा केला.

इकडे वडिलांची तब्येतही उतरत चालली. पाय सुजले, जिना चढवेना. ठमी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, “फिरायला कुठे नेता?”

“त्या बागेतच. दिवा हिरवा बघूनच आत जातो.”

“मग हवेचा प्रश्न नाही. हळूहळू फिरणं वाढवा.”

ठमी त्यांना सकाळ-संध्याकाळ नेऊ लागली. शेजारी बसून दटावायची, “बाबा, चोरासारखा श्वास काय घेताय? छाती भरून घ्या!” आणि वडील बिचारे शहाण्या मुलासारखे छाती भरून घ्यायचे.

त्या संध्याकाळी ते असेच बाकावर बसले होते. अचानक कुठेतरी काहीतरी खाडकन वाजलं आणि फवारा बंद पडला. बागेत इतकी शांतता पसरली की ठमीला वडिलांची धाप ऐकू आली. धुकं विरलं. कुंपणामागे धुराडी उभी होती, हाकेच्या अंतरावर. इतक्या दिवसांत ती एवढी जवळ आहेत हे तिला कधी जाणवलंच नव्हतं.

“ठमे,” वडील छातीवर हात दाबून म्हणाले, “पाटी बघ गं.”

तिने पाहिलं. दिवा पिवळा होता. बघता बघता तो नारिंगी झाला आणि मग लालभडक. आकडा चढतच होता. वडिलांच्या कपाळावर घाम फुटला, ओठ निळसर पडले.

“अहो, धावा! कोणीतरी गाडी बोलवा!” ती ओरडली.

माळी धावत आला, पण हातात भरलेली बादली घेऊन. ती त्याने पत्र्याच्या पेटीवर ओतली आणि पुन्हा नळाकडे पळाला.

“अरे, माणूस जातोय इथे आणि तुला पाणी कसलं सुचतंय?” ठमीने त्याचं मनगट धरलं. तिला रडू आवरेना. “रोज तर इतकी छान हवा असते! आज एकाएकी या हवेला झालं तरी काय?”

माळ्याने बादली खाली ठेवली.

“हवेला काही झालेलं नाही, ताई. पंप जळलाय. हवा रोज अशीच असते.”