मुठीवरचा दोरा

रत्नम्मा गेल्याचं वीरेशला दारातच कळलं.

तो हैदराबादहून बसने बीदरला आणि तिथून रिक्षाने जवळच्या कोळारला आला होता. खांद्याला कापडात गुंडाळलेलं जुनं धनुष्य होतं. अंगणात भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. आत भिंतीशी फोटो होता. फोटोला विभूती लावली होती, हार घातला होता.

"मागच्या आठवड्यातच बोलल्या हो माझ्याशी," तो रत्नम्माच्या नवऱ्याला, अण्णारावांना म्हणाला. "घेऊन ये म्हणाल्या, बघून सांगते."

"सोमवारी गेली. चहा ठेवला आन् खाली बसली," अण्णाराव म्हणाले. "बस की. उभा कामून हाईस?"

वीरेश बसला. शेजारच्या विमलबाई आधीच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या आणि रत्नम्मा एकाच शेडमध्ये कामाला होत्या. माती झाल्यापासून त्या रोज येऊन बसत.

वीरेशने कापड सोडलं. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर सोनेरी अक्षरांत 'शरवेध, दिल्ली' असा छाप होता. पण धनुष्य दिल्लीत झालेलं नव्हतं. इथल्याच शेडमध्ये अण्णाराव लाकूड आणि फायबर चिकटवून पाती घडवायचे. रत्नम्मा आणि विमलबाई मुठीवर दोरा गुंडाळायच्या. छाप तेवढे दिल्लीहून यायचे, तेही इथेच चिकटवायचे. शेड बंद पडून पुष्कळ वर्षं झाली. तिथे आता पाइपांचं गोदाम आहे. घरात एकही धनुष्य राहिलं नाही. वीरेश अशी जुनी धनुष्यं जमवायचा. त्याने मोबाइलवर टाकलेला फोटो लेकीने रत्नम्माला दाखवला, तेव्हा ती म्हणाली होती, ही मूठ माझी आहे.

अण्णारावांनी धनुष्य मांडीवर घेतलं. आपण घडवलेल्या पात्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. मुठीवर अंगठा फिरवला. काळा दोरा होता, फेराला फेर लागून.

"तिचीच हाय," ते म्हणाले.

"मी हे प्रदर्शनात ठेवणार आहे, काका. छाप दिल्लीचा राहू दे, पण खाली मूठ बांधणाऱ्याचं नाव लिहायचंय. फक्त खात्री पाहिजे. चुकीचं नाव नको."

"माझीबी असंल की," विमलबाई म्हणाल्या.

अण्णारावांनी वर पाहिलं.

"खोटं सांगू व्हय, अण्णा? दोघींचा हात एकसारखा दिसला पायजे म्हणून दिल्लीवाला डोकं खायचा. शिकलाव आमी. रत्नक्का शेवटचा फेर आवळताना जीभ बाहेर काढायची, तेवढाच फरक. आता जीभ काय दोऱ्यावर दिसती?"

वीरेशला हसू आलं. फोटोकडे नजर गेली तसं त्याने ते आवरलं. अण्णाराव मात्र हसले. मग त्यांनी अंगठा पुन्हा मुठीवर ठेवला.

"आत खूण हाय," ते म्हणाले. "वर खूण दिसली की माल परत यायचा. म्हणून ती आधी लाकडावर लुगड्याच्या काठाची चिंधी लावायची. इरकली, लाल. त्याच्यावर दोरा."

"मी निळा धागा लावायचे," विमलबाई म्हणाल्या.

"तूबी?"

"तिनंच शिकिवलं की. तुमाला सांगू नगं म्हणाली. तुमी मालकाचं माणूस."

वीरेश सावरून बसला. "मग सोपं आहे. वरचा दोरा सोडला की कळेल. लाल की निळा."

रत्नम्माही फोनवर हेच म्हणाली होती. सोडून दाखवते, परत बांधून देते.

"आता परत कोण बांधल?" अण्णाराव म्हणाले. "मला पाती येतात. मूठ न्हाई येत."

"बांधते की मी." विमलबाईंनी हात पुढे केले. मग मुठीजवळ आणून ते मागे घेतले. "पण मग ती माझी मूठ होईल, अण्णा."

अण्णाराव उठले. हत्यारांच्या डब्यातून घासून धार काढलेलं ब्लेड घेऊन आले. दोऱ्याचं टोक जिथे आत दडवलेलं होतं तिथे त्यांनी ब्लेडचं टोक टेकवलं. लाल निघालं तर तिने बांधलेला दोरा सुटून फरशीवर पडणार होता. निळं निघालं तर ती मूठ तिची नव्हतीच. ब्लेड तिथेच थांबलं.

"कापंल हात," म्हणत विमलबाईंनी ब्लेड काढून घेतलं. "ए बाबा, न सोडताच लिही रत्नक्काचं नाव. माझं काय जायलंय?"

"निळा असला तर?" अण्णाराव म्हणाले. "आपल्या हातच्या कामावर दिल्लीवाल्यानं त्याचं नाव मारलं. तेच मी तुझ्या कामावर करू व्हय? ती काय म्हणंल मला?"

विमलबाईंनी पदराने तोंड पुसलं.

वीरेशची बस होती. त्याने धनुष्य नेलं नाही. जाताना म्हणाला, "काका, सोडलंत की फोन करा."

त्याचेच फोन येऊन गेले. प्रदर्शनही होऊन गेलं. धनुष्य फोटोखाली भिंतीला टेकवलेलं आहे. विमलबाई येतात, चहा घेतात, एकदा तिकडे बघतात आणि जातात. मुठीवरचा दोरा सोडायचा राहिला आहे.