गाडीची ओढ

चाकांचं अलाइनमेंट करून कोष्टी सर गॅरेजमधून निघाले आणि चौकातच डॅशबोर्डवर पिवळ्या हाताचा दिवा पेटला. ते तसेच मागे वळले.

"दस्तगीर, चाकं सरळ करायला दिली होती. तू नवीनच दुखणं लावून दिलंस!"

दस्तगीरनं स्वतः एक फेरी मारली. दिवा विझला. सर बसले, पुन्हा पेटला. हल्लीच्या गाड्या चालवणाऱ्याचे हातही तपासत, आणि हा दिवा दिसला की माणसं थेट मेंदूच्या डॉक्टरांकडे जात.

"सर, गाडी डावीकडे ओढत होती, म्हणून कळलं नाही," दस्तगीर हळूच म्हणाला. "आता ती सरळ झाली. ओढताय तुम्ही, उजवीकडे. उजवा हात स्टिअरिंगवर लोंबतोय."

"मग होती तशी वाकडी करून दे."

"देतो की. दहा मिनिटांचं काम. पण मग तुम्हाला सांगणार कोण?"

सर शेजारच्या सीटवर सरकले.

"मिरजेला दवाखान्यात घेऊन चल. सावकाश चालव, घाई काही नाही."

दस्तगीरनं आयुष्यात पहिल्यांदाच सरांचं ऐकलं नाही. गाडी त्यानं भरधाव काढली.