काळ्या दोरीचा दगड

टोकियोतल्या त्या तीनशे वर्षांच्या बागेत, पायवाटेच्या अगदी मधोमध, नारळाएवढा दगड ठेवला होता. काळ्या दोरीनं उभा-आडवा बांधलेला. भालचंद्ररावांनी फोटो काढून ऑफिसात असलेल्या मुलाला पाठवला, "हा कुठला देव रे?" मग दगडाला नमस्कार केला, दोन्ही हातांनी उचलला आणि झुडपाखाली नीट बसवला. बायकोचे गुडघे दुखरे, ठेचकाळली असती.

"अहो, परक्या देशात कशाकशाला हात लावता!" म्हणत ती पुढे झालीसुद्धा.

वळणापलीकडे तळ्यावर जुना लाकडी पूल होता. एवढ्या गजबजलेल्या बागेत इथेच चिटपाखरू कसं नाही, असं त्यांच्या मनात येतंय तोच मुलाचा फोन आला.

"देव नाही हो बाबा. पुढची वाट बंद आहे, अशी खूण असते ती. जुन्या बागांत पाटीऐवजी दगडच ठेवतात. तुम्ही हलवला नाहीत ना?"

त्यांनी फोन कानाला तसाच धरून पुलाकडे पाहिलं.

"अहो, या ना लवकर! केवढाले मासे आहेत!" पुलाच्या मध्यावरून बायको हात हलवत होती, आणि तिनं पाठ टेकलेला कठडा, दार उघडावं तसा, हळूच तळ्याकडे झुकत होता.