उन्हाचं पाणी

"घाई करू नको. ऊन चढू दे, पाणी उतरू दे, मग घाल गाडी," गीताबाईनं फोनवर सम्यकला बजावलं. पलीकडून नेहमीसारखं "व्हय आई" आलं आणि ती निश्चिंत होऊन गच्चीवर गहू पसरायला गेली.

सम्यक वाळूजच्या कंपनीतून रजा टाकून अभय नावाच्या मित्रासोबत मोटारसायकलवर हिमालयात गेला होता. लाहौलमधल्या एका छोट्या वस्तीत, कुणाच्या तरी घरी दोघांनी मुक्काम केला होता. पुढच्या रस्त्यावर नाला आडवा वाहत होता आणि त्यावर पूल नव्हता. गाडी पाण्यातूनच काढायची होती. वस्ती सुटली की फोनला रेंज नाही, म्हणून त्यानं आदल्या रात्रीच आईला विचारायचं ठरवलं होतं आणि उठल्या उठल्या फोन लावला होता. नदी, नाला, पूर यातलं घरात कुणाला कळत असेल तर ते गीताबाईला. तिचं माहेर सोयगावकडं, नदीला अगदी खेटून. रात्री चढलेली नदी सकाळी ऊन पडलं की कशी मुकाट्यानं उतरते, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं.

गहू पसरून ती खाली आली, तेव्हा सून मेघा ओट्याशी उभी राहून मोबाईल बघत होती. भाजी करपायला लागली होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"अगं, गॅस बंद कर की."

"आई, हे बघा जरा." मेघानं मोबाईल पुढं धरला. त्याच रस्त्यावरचा, कुणीतरी टाकलेला व्हिडिओ होता. राखाडी पाणी दगड घरंगळवत चाललेलं. एक मोटारसायकल आडवी पडून पाण्याबरोबर सरकत होती आणि दोन माणसं तिला दोरानं ओढत होती. गीताबाईनं निरखून पाहिलं. वर आभाळ निळंशार होतं.

"पाऊस कुठाय? मग एवढं पाणी कुठून आलं?"

"पावसाचं नाही आई, वरच्या बर्फाचं. रात्रभर थंडी असते, बर्फ वितळत नाही, म्हणून सकाळी नाला बारीक असतो. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि पाणी वाढतच जातं." मेघानं गॅस बंद केला. "तिथं उजाडतानाच नाला पार करतात म्हणे."

गीताबाई होती तिथंच फरशीवर बसली. आपण पोराला मुद्दाम ऊन चढेपर्यंत थांबवलं आणि मग पाण्यात घातलं, एवढं तिला कळलं.

मेघानं फोन लावला. पुन्हा लावला. नंबर पोहोच क्षेत्राबाहेर आहे, असं एक बाई दर वेळी त्याच गोड आवाजात सांगत राहिली. म्हणजे तो निघाला होता. कधी निघाला, ते काही त्या बाईला सांगता येत नव्हतं.

"ऐकलं नसेल त्यांनी," मेघा म्हणाली.

दारात पेपर वाचत बसलेल्या सांडूला, गीताबाईच्या नवऱ्याला, यात बोलायची काही गरज नव्हती. तरी तो बोलला. "सम्यकनं? नोकरी हिनं म्हणली ती धरली, बायको हिनं दाखवली ती केली. त्यो कवा हिच्या शब्दाबाहेर गेलाय?" मग आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन त्यानं पेपराची घडी घातली.

लेक शब्दाबाहेर नाही, हे गीताबाईनं आजवर सगळ्या गल्लीत मिरवलं होतं. आज तिला वाटलं, एखादं उनाड पोरगं पदरात पडलं असतं तर किती बरं झालं असतं. तिनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. पण आपलं पोर आज तरी आपलं ऐकू नये, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं ते तिला सुचेना. वर गव्हाला मस्त ऊन लागत होतं. त्या उन्हाचाही तिला राग आला.

दुपार कलल्यावर फोन वाजला. नंबर अनोळखी होता. गीताबाईचा हात पुढं होईना, म्हणून मेघानं उचलून स्पीकर लावला.

"जयभीम आई. पोचलो आम्ही. इथल्या दुकानदाराच्या फोनवरून बोलतोय." मग सम्यकचा आवाज खाली आला. "आई, रागावू नको. मी तुझं ऐकलं नाय."

गीताबाईनं पदर तोंडाला लावला.

"थांबणारच होतो मी. पण त्या घरातली म्हातारी लई जबर. तुझा फोन ठेवला अन् तिनं चहा हातात दिला, म्हणली निघा. मी म्हणलं, आई म्हणती ऊन चढू दे. तर म्हणली, ते तुमच्याकडचं ऊन, आमच्याकडचं ऊन पाणी आणतं. आधी दुपारनंतर वाढायचं म्हणं, आता गरमी एवढी झाली की न्याहारी होईस्तोवर नाला फुगतो. आमच्या बॅगा तिनंच उचलून गाडीवर ठेवल्या. तुझ्यासारखीच हाय ती. नाय म्हणायची सोयच नाय."

"पाणी किती होतं रे?"

"पोटरीला लागलं. बूट भिजले, बास."

"बरं केलं बाबा," गीताबाई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "लई बरं केलं."

"आई, उद्या अजून एक नाला हाय म्हणं. त्याला कधी निघू?"

मेघा सासूकडं बघायला लागली. सांडूनंही मान वर केली. गीताबाईनं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"मला इचारू नको," ती म्हणाली. "तिथंबी असल एखादी म्हातारी. तिला इचार, अन् ती म्हणल तवा नीघ."